ओपल रात्रभर पाण्यात राहिला आणि रंग गेले, म्हणजे तो खोटा होता का?

पत्र:

ताई, मावशीनं दोन वर्षांपूर्वी मला चांदीची अंगठी दिली, मध्ये लंबगोल ओपल, पांढरट, हात हलवला की आत हिरवं-केशरी चमकायचं. चांदी काळी पडली म्हणून परवा रात्री साबणाच्या पाण्यात भिजत घातली आणि सकाळी बघते तर खडा काचेसारखा आरपार, रंग जवळपास गेलेच. एक मैत्रीण म्हणते खोटाच होता, रंग धुऊन गेला. दुसरी म्हणते तेलात ठेव. तिसरी म्हणते हेअर ड्रायर मार. मावशीला अजून सांगितलेलं नाही, तिला कोणी फसवलं असेल तर तिला फार लागेल. शिवाय अंगठी थोडी सैल आहे, ती लहान करायची होती आणि जोडीला चांदीतच ओपलचे कानातले करायचे होते. आता काय करू?

उत्तर:

आधी तातडीचं. ड्रायर मारला नसेल तर मारू नका, आणि तेल तर अजिबात नको. अंगठी मऊ सुती कापडानं हलकेच टिपून घ्या, घासू नका, आणि घरातच सावलीत एखाद्या कोरड्या कापडावर ठेवून द्या. उन्हात नाही, पंख्याच्या झोताखाली नाही, तांदळाच्या डब्यात वगैरे तर नकोच. बस्स, एवढंच. हातावर हात ठेवून बसणं किती अवघड असतं ते मला माहितीये, पण आत्ता त्या खड्याला फक्त वेळ हवाय.

आणि मावशीचं टेन्शन थोडं बाजूला ठेवा, कारण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला उलटंच वाटतंय. काच किंवा प्लॅस्टिक रात्रभर पाण्यात ठेवलं तर सकाळी जसंच्या तसं असतं, ते पाणी पितच नाही. पांढरट खडा भिजून आरपार होतो आणि रंग हरवतात, हे ओपलच्या एका खास जातीचं लक्षण आहे, तिला हायड्रोफेन म्हणतात. २००८ साली इथिओपियात वोलो भागात वेगेल टेना गावाजवळ ओपलचा मोठा साठा सापडला, तेव्हापासून बाजारात या जातीचे खडे भरपूर यायला लागले, आणि आज चांदीच्या दागिन्यांत पांढरट-पिवळसर अंगाचा, रंगीत ठिणग्यांचा जो ओपल दिसतो तो बऱ्याचदा तिकडचा असतो. तुमचाही तसलाच असावा.

आता हे होतं कसं ते सांगते, म्हणजे पुढचे पंधरा दिवस तुम्हाला धीर राहील.

ओपल म्हणजे सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) आणि पाणी. हिऱ्यासारखा किंवा स्फटिकासारखा आत अणूंचा पक्का साचा नसतो, पण चांगल्या ओपलमध्ये सिलिकाचे अतिशय बारीक गोळे असतात, साधारण १५० ते ३०० नॅनोमीटरचे, आणि ते दुकानात संत्री रचावीत तसे एकावर एक शिस्तीत बसलेले असतात. उजेड त्या गोळ्यांच्या मधल्या फटींतून जाताना फुटतो आणि रंग दिसतात, गोळे मोठे असतील तर लाल-केशरीपर्यंत, लहान असतील तर निळा-जांभळा. म्हणजे त्यात रंग म्हणून काही भरलेलंच नसतं, सगळी त्या रचनेची करामत. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे गोळे बघितले तेव्हा कुठे याचा उलगडा झाला, त्याआधी माणसं शतकानुशतकं हा खडा घालत होती पण चमकतो का ते कोणाला नीट माहीत नव्हतं. त्यामुळे "रंग धुऊन गेला" हे तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं तसंही बसत नाही. धुऊन जायला आत रंग नव्हताच.

हायड्रोफेनमध्ये या गोळ्यांच्या मधल्या फटी मोकळ्या असतात, त्यात हवा असते. खडा पाण्यात पडला की स्पंजसारखं पाणी आत ओढतो, हवेची जागा पाणी घेतं, आणि मग उजेडाला गोळा आणि फट यात फारसा फरकच राहत नाही, तो सरळ आरपार जातो. पांढरा सुती कपडा ओला झाला की पलीकडचं दिसायला लागतं ना, तसंच. कपडा वाळला की पुन्हा पांढरा. खडाही वाळला की बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यासारखा होतो.

फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर मध्येच घाबराल. वाळताना तो लगेच सुंदर होत नाही, आधी आणखी वाईट दिसतो. माझ्याकडच्या एका इथिओपियन खड्याचं मी रोज बघत बसले होते, सुट्टा खडा, बोटाच्या नखाएवढा. पहिल्या दिवशी काचेचा थेंब. दुसऱ्या दिवशी कडेनं एक पांढरी रेघ आली, दुधावर साय धरावी तशी, आणि ती आत आत सरकत गेली, तिसऱ्या दिवशी अख्खा खडा खडूच्या तुकड्यासारखा मेलेला, मला वाटलं संपलं सगळं. मग पाचव्या दिवशी सकाळी एका कडेला हिरवी ठिणगी दिसली, एकच, टाचणीच्या टोकाएवढी. दोन दिवसांत बाकीचे रंग परत आले. तुमच्या अंगठीला याहून जास्त वेळ लागू शकतो, कारण खड्याची पाठ चांदीनं बंद असेल तर ओल फक्त वरच्या बाजूनंच बाहेर पडते. दोन आठवडे धरून चाला, थोडे वर गेले तरी हरकत नाही. रोज सकाळी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा, नुसत्या डोळ्यांना रोजचा फरक कळत नाही.

ड्रायर का नको ते आता लक्षात आलं असेल. बाहेरचा थर झटकन वाळतो, आतला ओलाच राहतो, दोघांत ताण येतो आणि खड्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्याला क्रेझिंग म्हणतात आणि त्यावर उपाय नाही. आणि तेल? पाणी उडून जातं, तेल जात नाही. ते त्याच फटींमध्ये शिरून बसतं आणि हळूहळू पिवळं पडतं. "ओपल कोरडा पडू नये म्हणून तेलात किंवा ग्लिसरीनमध्ये ठेवा" हा सल्ला बरेच जण अगदी मनापासून देतात, पण हायड्रोफेनला त्यानं नुकसान होतं, आणि ऑस्ट्रेलियन ओपल पाणीच शोषत नाही त्यामुळे त्याला त्याचा उपयोग नाही. साबणाचं म्हणाल तर थोडासा अंश आत गेला असेल, वाळल्यावर किंचित पिवळट झाक राहू शकते, तशी दिसलीच तर घरी पुन्हा भिजवायचा प्रयोग करू नका, रत्नांची पारख असलेल्या माणसाला दाखवा.

आता माझा खरा मुद्दा. तुम्ही खड्याला काहीच केलं नव्हतं, तुम्ही चांदी साफ करत होतात. चांदीतल्या ओपलची वाट अंगावर वापरल्यामुळे जेवढी लागत नाही ना, तेवढी चांदीची काळजी घेण्यामुळे लागते. हे मी वर्षानुवर्षं बघतेय आणि दर वेळी जीव तुटतो, कारण करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, वर सल्फाइडचा पातळ थर येतो, एवढंच, धातू आत ठणठणीत असतो. पण तो थर घालवायला आपण जे जे करतो ते सगळं ओपलच्या मुळावर येतं. चांदी बुडवून चमकवायचं तयार द्रावण, डिप, मिळतं त्यात आम्ल असतं. अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि कढत पाणी, हा नुसत्या चांदीसाठी मस्त उपाय आहे, पण ओपल कढत पाण्यात म्हणजे तडा ठरलेला. अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफ, दोन्ही नको. टूथपेस्टनं घासणं नको, कारण ओपलचा कठीणपणा मोहस स्केलवर साडेपाच ते साडेसहा, आणि साध्या घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात ते ७, म्हणजे नुसती धूळ घासली तरी पॉलिश जातं, मग पेस्ट तर पेस्टच.

मग चांदी साफ करायची कशी? कोरडी. पॉलिशिंग कापडाची छोटी घडी करून किंवा दातकोरणीच्या टोकाला त्याची चिंधी गुंडाळून फक्त चांदीवर फिरवायची, खड्याच्या कडेपासून केसभर लांब राहायचं, कारण त्या कापडात पॉलिशची बारीक पूड असते ती खड्याच्या छिद्रांत जाऊन बसते. खडा पुसायला वेगळं स्वच्छ मऊ कापड. कोंदणाच्या अगदी कडेला थोडं काळं राहिलं तर राहू द्या, खरंच. उलट बरेच कारागीर मुद्दाम चांदी काळी करतात, ऑक्सिडाइज्ड म्हणतो ती, कारण गडद पार्श्वभूमीवर ओपलचे रंग उठून दिसतात. चांदीचं काळेपण पुढच्या महिन्यातही काढता येईल, खड्याची भेग कधीच नाही. म्हणून अशा अंगठीला चांदीची अंगठी समजायचंच नाही, ओपल समजायचं, जो चांदीत बसलाय.

आणि काळी पडूच नये म्हणून सोपं म्हणजे ती वेगळी ठेवायची, छोट्या झिपच्या पिशवीत, सोबत चांदीसाठी मिळणारी अँटी-टार्निश पट्टी. रबर आणि लोकर यांच्यापासून लांब. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी मात्र ओपलच्या पिशवीत टाकू नका. दोघं तसे रसायनाच्या नात्यानं भाऊच, ती पण सिलिका आणि तो पण सिलिका, पण ओपलला फार कोरडी हवा सोसत नाही, त्याच्या अंगात साधारण ३ ते १० टक्के पाणी असतं ते टिकायला हवं.

अंगठी लहान करायचं म्हणाल तर आत्ता नाही. आधी खडा पूर्ण वाळू दे. नंतर कारागिराकडे द्याल तेव्हा पहिलं वाक्य हेच बोला की हा ओपल आहे, आच द्यायच्या आधी खडा काढायचा. अंगठी लहान करताना खालून कापून तुकडा काढतात आणि पुन्हा झाळतात, आच खालच्या बाजूला असते म्हणून बरेच जण म्हणतात वरच्या खड्याला काही होत नाही. सोन्यात-चांदीत हिरा असेल तर एक वेळ चालेल. पण सगळ्या धातूंमध्ये चांदीइतकी भराभर उष्णता पोचवणारा दुसरा धातू नाही, खाली आच लागली की काही क्षणांत अख्खी अंगठी तापते, आणि ओपल वर बसलेलाच असतो. ओलं कापड गुंडाळतो, पेस्ट लावतो असं कोणी म्हटलं तरी मी ओपलच्या बाबतीत तो धोका घेणार नाही. काही ठिकाणी लेझर वेल्डिंग असतं, त्यात उष्णता एका ठिपक्यापुरती राहते, ते असेल तर विचारा. किंवा सरळ आतून छोटे चांदीचे मणी किंवा पट्टी बसवता येते का बघा, नाहीतर दुसऱ्या जाड बोटात घाला. थोड्याशा सैलपणासाठी खडा उपटून पुन्हा बसवणं यातही धोका असतोच.

कानातल्यांची आयडिया मला फार आवडली, आणि अंगठीपेक्षा कानातले किंवा पेंडंट हीच ओपलची खरी जागा असं माझं स्पष्ट मत आहे. हात दिवसभर कशाकशावर आपटतात, पाण्यात जातात, कानाला कोण हात लावतंय. फक्त परफ्यूम आणि हेअर स्प्रे आधी, कानातले नंतर.

खडा घेताना मात्र सुट्टा बघून घ्या, चांदीत बसवलेला नाही. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. मी एकदा चांदीचं पेंडंट घेतलं होतं, बंद पाठीचं, विकणाऱ्यानं अख्खा ओपल म्हणून दिलं, मी आंघोळीलाही ते घालायचे, आणि वर्षभरात कडेनं आत धुकं शिरलं. कारागिराकडून कोंदण उघडलं तर आत ट्रिपलेट निघालं. म्हणजे वर पारदर्शक घुमट, मध्ये कागदासारखा पातळ ओपल, खाली काळी पाठ, तिन्ही गोंदानं चिकटवलेले. पाण्यानं गोंद सुटत आला होता. ट्रिपलेट किंवा डब्लेट (असाच चिकटवलेला, पण दोन थरांचा) घालणं वाईट आहे असं नाही, दिसतात छान आणि परवडतात, पण ते सांगून विकायला हवं, आणि मला ते सांगितलं नव्हतं याचं आजही वाईट वाटतं. सुट्टा खडा बाजूनं भिंगाखाली धरला की थरांची सरळ रेघ दिसते. बंद कोंदणात ती कड नेमकी झाकली जाते.

बाजूनं बघताना आणखी एक कळतं. कारखान्यात बनवलेल्या ओपलमध्ये रंगाचे ठिपके बाजूनं उभ्या खांबांसारखे दिसतात आणि वरून सरड्याच्या कातडीसारखी जाळी. पिअर गिल्सननं १९७४ च्या सुमारास असे ओपल बाजारात आणले, तेव्हापासून त्यांची बरीच रूपं आलीत. आणि ओपलाइट नावानं जे विकतात, काळ्या कपड्यावर निळसर आणि उजेडाकडे धरलं की केशरी, ती निव्वळ काच आहे, नावात ओपल असलं तरी. इथिओपियन खड्यांना रंग देणंही सोपं असतं, ते पितातच ना, त्यामुळे एकसारखा गडद जांभळा किंवा भडक निळा दिसला तर रंगवलेला समजा. धूर देऊन काळा केलेलाही असतो.

तुम्हाला रोजच्या वापरासाठी हवं असेल तर मी ऑस्ट्रेलियन खडा घ्या म्हणेन, तो पाणी शोषत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीचा पांढरा ओपल चांदीत फार देखणा दिसतो, तिथे १९१५ मध्ये ओपल सापडला आणि उन्हाळ्याच्या भाजून काढणाऱ्या उष्णतेमुळे माणसं चक्क जमिनीखाली घरं करून राहतात. ऑस्ट्रेलियातल्याच लायटनिंग रिजचा काळा ओपल सगळ्यात मौल्यवान, तो सहसा चांदीत कोणी घालत नाही. पण माझा सगळ्यात लाडका क्वीन्सलँडचा बोल्डर ओपल. त्याची पाठ म्हणजे मूळचा तपकिरी लोहयुक्त दगडच, गोंद नाही काही नाही, निसर्गानंच चिकटवलेला, म्हणून मजबूत, आणि त्या गडद पाठीमुळे निळा-हिरवा असा काही पेटतो की बघत राहावं. दोन खडे एकसारखे कधीच मिळत नाहीत, तर जोडी जुळवत बसू नका, एकाच दगडाचे दोन तुकडे शोधा किंवा वेगळेपणच आवडीनं घ्या. मेक्सिकोचा केशरी फायर ओपलही आहे, पण तुमच्या अंगठीशेजारी तो परका वाटेल.

आणि खडा काट्यांत नको, पूर्ण कोंदणात बसवा, चारी बाजूंनी चांदीची भिंत. इथे चांदीचा मऊपणा कामाला येतो. शुद्ध चांदीची पट्टी तर इतकी मऊ असते की कारागीर हातातल्या छोट्या पुशरनं, हातोडी न मारता, आधी एका बाजूला, मग बरोबर समोरच्या, मग उरलेल्या दोन, असं थोडं थोडं दाबत ती खड्यावर वळवतो. मी एकदा शेजारी बसून बघितलं, प्रत्येक दाबानंतर तो खडा उजेडात तिरका धरायचा, कुठे ताण आलाय का बघायला, आणि एवढ्याशा खड्याला पाऊण तास लागला. असा माणूस मिळाला तर घाई करू नका त्याच्यामागे. पाठ उघडी ठेवायला सांगा, म्हणजे खडा चुकून ओला झालाच तर दोन्हीकडून वाळेल आणि तुम्हालाही मागून बघता येईल आत काय आहे ते.

राहता राहिली मावशी. दोन आठवडे थांबा, मग पहिला आणि शेवटचा फोटो तिला एकत्र दाखवा आणि सगळं सांगा. तिनं दिलेला खडा पाणी पितो आणि परत रंगात येतो हे तिलाही माहीत नसणार. जाळीसारख्या बारीक भेगा मात्र दिसल्या, किंवा महिन्यानंतरही खडा दुधाळच राहिला, तर मला फोटोसकट पुन्हा लिहा, एक फोटो समोरून आणि एक बाजूनं, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता.